दहाला वर, चारला खाली

किसना, तू गेलास त्या आठवड्याचा बॅरोग्राफचा, दाबाची रेघ आपोआप काढणाऱ्या त्या यंत्राचा, कागद मी घरी आणला आहे. नियमाने तो फाइलला लावायला हवा. लावीन, सभा झाली की. तोवर राहू दे माझ्यापाशी. त्यातला मंगळवारचा रकाना मी पुन्हापुन्हा पाहतो. तू अमरावतीच्या दवाखान्यात दुपारी चारला गेलास, आणि इथे अकोल्यात चार वाजता दाबाची जांभळी रेघ रोजच्यासारखी खाली आली आणि मग रोजच्यासारखी वर चढू लागली. काही म्हणजे काही वेगळं नाही. मला त्या रेघेचाच राग आला. तू असतास तर म्हणाला असतास, "लेका नाऱ्या, माणूस मेल्यानं हवेचा दाब कमी होत नसते. कायले रडून राहिला?"

रडत नाही. लिहितो आहे. उद्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला वस्तीतल्या विहारात तुझी शोकसभा आहे. तुझ्याबरोबर नोकरीला लागलेला जुना सोबती म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. बोलायला उभा राहिलो तर मी गोड गोड काहीतरी बोलेन आणि खाली बसेन, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून कागदावर उतरवतो आणि उतरेल तसंच सभेत वाचीन.

आपण दोघं एकाच आठवड्यात लागलो. तू मूर्तिजापूरकडचा, वडिलांसह इथल्या वस्तीत राहायला आलेला, मी नांदगाव खंडेश्वरचा. हवामान मोजायचं ठाणं म्हणजे दोन खोल्या, अंगणात पांढऱ्या झडपांची पेटी, पाऊस मोजायचं नरसाळं आणि आतल्या भिंतीवर तो पाऱ्याचा बॅरोमीटर. मला ती नोकरी म्हणजे नोकरी होती. तुझं मात्र त्या काचेच्या नळीशी काय जमलं कोण जाणे. आधी शेजारचा छोटा थर्मामीटर वाचायचा, कारण आपण जवळ उभे राहिलो की आपल्या अंगाच्या उबेने तो चढतो. मग नळीला बोटाने हलकी टिचकी. मग डोळा पाऱ्याच्या बरोबरीला आणायचा. मी तिरका उभा राहून वाचायचो आणि तू खेकसायचास, "वाकून पाय नं बे! पारा तुया डोयापाशी येईन का?"

आणि ते तुझं दहा-चारचं वेड. आपल्या या उष्ण मुलखात हवेचा दाब दिवसातून दोनदा वर जातो आणि दोनदा खाली येतो. सकाळी दहाला वर, दुपारी चारला खाली, पुन्हा रात्री तसंच. घड्याळ लावावं इतकं नेमकं. थंड देशांत हे वादळांच्या गोंधळात दिसतच नाही म्हणे. साहेबांनी हे एकदाच सांगितलं होतं. मी विसरलो. तू जेवणाचा डबा उघडतानासुद्धा सांगायचास, "हवा छाती फुगवते अन् सोडते. आपल्यासारखीच." चार मिलिबारचा तर फरक, त्यात एवढं काय, म्हणून मी तुझी टर उडवायचो.

म्हणूनच मला एक गोष्ट चांगली कळली होती, आणि तिचाच मी गैरवापर केला. ज्या मुलखात आजचा साडेआठचा दाब कालच्या साडेआठच्या दाबासारखाच असतो, तिथे न पाहताही आकडा लिहिता येतो. एखादा दशांश इकडेतिकडे केला की झालं. कोणाला कळणार?

छप्पन्नच्या दसऱ्याला ड्यूटी तुझी होती आणि तुला नागपूरला जायचं होतं, दीक्षेला. तुझे वडील, सारा मोहल्ला, सगळे निघालेले. साहेब रजा देणार नाहीत हे तुला माहीत होतं, आणि मागून नकार ऐकायचा नाही असं तू ठरवलं होतंस. तू मला म्हणालास, "नाऱ्या, सकायचं अन् संध्याकायचं तू घे. रजिस्टरवर सही तुईच करजो. मी आलो की साहेबाले सांगतो, मी न इचारता गेलो व्हतो मनून. मंग काय करायचं ते करतीन." मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. नागपूरच्या गाडीत तुला बसवून दिलं तेव्हा तुझ्या अंगावर नवा पांढरा सदरा होता. खिडकीतून तू ओरडलास, "डोया पाऱ्याले लाव बरं!"

मी ठाण्यावर गेलोच नाही, किसना.

तोंडाने हे कधी बोललो नाही. घरी दसऱ्याचे पाहुणे होते, पत्त्यांचा डाव लागला होता, नवीन लग्न झालेलं होतं. सकाळी घरीच बसून आदल्या दिवशीच्या आकड्यांवरून मी वरच्या कचेरीला रोज पाठवायच्या दोन तारा लिहिल्या, सकाळची आणि संध्याकाळची. दोन्ही कागद तारबाबूच्या हाती दिले आणि म्हटलं, ही आत्ता पाठवा, ती सहाला पाठवा. दुसऱ्या दिवशी पहाटे रजिस्टर भरलं. तारा लिहितानाच पाहुण्यांच्या घाईत माझी एक गफलत झाली होती, तीच रजिस्टरात उतरली. दाबाचे आकडे उलटे पडले. सकाळचा संध्याकाळी आणि संध्याकाळचा सकाळी.

सही करताना हात थांबला. मनात आलं, हे उद्या बाहेर पडलं तर? ड्यूटी तर किसनाची. रजिस्टरवर नाव याचं. आणि मी दोन्ही ओळींखाली तुझी आद्याक्षरं केली, कि. वा. तुझ्या 'कि'च्या वेलांटीला असायचं तसं वळणही दिलं.

मी त्या तारा लिहिल्या त्याच दिवशी तिकडे तू लाखो माणसांत उभा राहून, मी खोटं बोलणार नाही, अशी प्रतिज्ञा घेत होतास. हा मेळ मी जुळवला नव्हता, तो आपोआप जुळला. 

पंधरा दिवसांनी, साहेब दौऱ्यावरून परतले त्याच दिवशी, वरून विचारणा आली. निरभ्र दिवशी, वारा नसताना, संध्याकाळचा दाब सकाळपेक्षा चार मिलिबार जास्त कसा? दुसऱ्या कोणी वाचलं असतं तर त्यात काय, असं म्हणाला असता. तू ते पत्र वाचलंस, त्या आठवड्याचा बॅरोग्राफचा कागद काढलास, रेघ पाहिलीस, रजिस्टर पाहिलंस, सही पाहिलीस. मग माझ्याकडे पाहिलंस. मी पेनात शाई भरत बसलो होतो. भरलेल्याच पेनात.

साहेबांनी विचारलं, सही तुमची?

तू म्हणालास, "नाही. मी इथं नव्हतो. नागपूरले गेलो व्हतो. न इचारता गेलो."

"मग लिहिलं कोणी?"

तू गप्प. खोटं बोलायचं नाही आणि माझं नावही घ्यायचं नाही. ती दहा मिनिटं मी त्याच खोलीत होतो. मला फक्त "साहेब" एवढं म्हणायचं होतं, पुढचं आपोआप निघालं असतं. नाही म्हटलं. आणि आज सगळंच सांगायचं तर हेही सांगतो की साहेबांना तुझ्यावर विश्वास न ठेवणं फार सोपं गेलं. माझ्यासारख्या वावरवाल्याच्या, शेतीवाडीच्या घरच्या पोरावर त्यांनी असा पटकन शिक्का मारला नसता. हे मला त्या क्षणी माहीत होतं आणि मी त्याच्या आड लपलो.

बाहेर पिंपळाखाली तू एवढंच म्हणालास, "मी नाही सांगणार. तू सांगजो. जवा तुले वाटलं तवा." त्यावर मी उलटा तुझ्यावरच तडकलो, की न विचारता गेलास कशाला, माझी नोकरी अजून पक्की नाही, बायको दोन जिवांची आहे. तू ऐकून घेतलंस. आपलं हे भांडण तिथे सुरू झालं आणि मिटलं नाही.

गैरहजेरी आणि खोटी नोंद, असा शेरा तुझ्या नावावर पडला. शिक्षा म्हणून अरबी समुद्रातल्या एका बेटावरच्या ठाण्यावर तुझी बदली झाली. कोणीच जायला तयार नसायचं तिथे. वस्तीत बातमी पोचली ती अशी, की वामनबुवाच्या किसनाने दीक्षा घेतली आणि त्याच दिवशी सरकारी वहीत खोटं लिहिलं. तुझे वडील तुला स्टेशनवर पोचवायला आले नाहीत. शांतावहिनी कडेवरच्या लेकीसह एकट्याच आल्या होत्या.

पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते फोडायलाच घाबरलो. आत शिव्या असतील असं वाटलं. शिव्या नव्हत्या. तू लिहिलं होतंस की इथला बॅरोमीटर पाहून पहिल्या दिवशी वाटलं की हा बिघडला. अकोल्यात नऊशे ऐंशीच्या आसपासचे आकडे पाहायची सवय, आणि इथे समुद्राच्या कडेला हजाराच्या वर. "अकोला किती उंचावर हाय ते मले बेटावर येऊन समजलं," असं वाक्य होतं. काळी माती नाही, चुनखडीचा पांढरा चुरा. ज्वारी नाही. उन्हाळा नाही, हिवाळा नाही, थर्मामीटर दिवसभरात पाच-सहा अंशांपलीकडे हलत नाही. पाऊस ढगातून येतो आणि दहा मिनिटांत जातो, बेटाच्या एका टोकाला पडतो तेव्हा दुसऱ्या टोकाला कपडे वाळतात. पण दहा-चारची रेघ तीच, असं लिहिलं होतंस. उलट इथल्यापेक्षा स्वच्छ. पत्राच्या शेवटी त्या दिवसाचे दाबाचे आकडे, आणि खाली एकच शब्द, "तुझं?"

मी अकोल्याचे आकडे पाठवले. दर पत्रात तू विचारलंस, "तुझं?" आणि दर वेळी मी आकडे पाठवले. तू काय विचारतो आहेस हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. चांगलं कळत होतं.

मग ते वादळाचं पत्र. ते मी इतक्यांदा वाचलं आहे की घड्यांवर फाटलं. नोव्हेंबरची सकाळ, समुद्र तेलासारखा शांत, मासे भरपूर लागलेले, होड्या निघायच्या तयारीत. साडेआठचा दाब थोडा कमी होता, पण तेवढं चालतं. तू ड्यूटी संपल्यावरही बसून राहिलास, कारण तुला दहाची वाट पाहायची होती. दहाला रेघ वर गेली नाही. रोज जाते ती गेली नाही, उलट खाली वाकली. तू धावत किनाऱ्यावर गेलास. भाषा पुरती येत नव्हती. होड्यांच्या म्हाताऱ्या म्होरक्याला हातवारे करून सांगितलंस की जाऊ नका, हवेने छाती फुगवली नाही. तो हसला. म्हणाला, आकाश बघ, समुद्र बघ, आणि तू चुकलास तर आमच्या पोटाचं काय? तू म्हणालास, चुकलो तर उद्यापासून मला काही विचारू नका, पण आज ऐका. आणि स्वतःच एका होडीचा दोर खांद्यावर घेऊन ओढायला लागलास. त्या म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि बाकीच्यांना हाक मारली.

दिवस मावळायच्या आत वादळ आलं. माडांचे शेंडे गेले, तुझ्या पेटीच्या झडपा गेल्या, अर्ध्या घरांची छपरं गेली. माणूस एकही गेला नाही.

ते वाचून मला एकच दिसलं.    त्या खुर्चीवर मी असतो तर कालचा आकडा लिहून जेवायला गेलो असतो. त्या होड्या गेल्या असत्या.

शिक्षेची मुदत संपली तरी तू परत आला नाहीस. वहिनींना आणि लेकीला तिकडेच बोलावून घेतलंस. मी तुला खरमरीत पत्र लिहिलं की आता हट्ट पुरे, बाप म्हातारा झाला, ये. तुझं उत्तर आलं, "इथं मले कोणी आडनाव इचारत नाही. दाब किती, ते इचारते. रोज दहा वाजता म्हातारा येऊन उभा रायते अन् मी सांगतो, चढला. मंग तो जाते."  मला इथे एक बोलता आलं असतं. तुझे वडील तेव्हा जिवंत होते. मोहल्ल्यात माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहत होते. मी गेलो नाही. ते गेले तेव्हा तू जहाज मिळालं नाही म्हणून पोचू शकला नाहीस, आणि शेवटल्या दिवसांत ते येईल त्याला विचारत होते म्हणे, "पोट्ट्यानं खोटं काहून लिवलं?"

या वर्षी तू आलास तो सुजलेल्या पायांनी, धापा टाकत. हृदय मोठं झालं आहे म्हणाले डॉक्टर. अमरावतीला ठेवलं. मी ठरवलं, आता बोलायचंच. मंगळवारी सकाळची पहिली एसटी धरली, मूर्तिजापूर येईपर्यंत वाक्यं जुळवली, बडनेऱ्यापर्यंत पाठ केली. वॉर्डात आलो तर तू उशाला टेकून बसला होतास आणि मला पाहून खरोखर आनंदलास. तीच गोष्ट मला झेपली नाही.

"किती हाय आज?" तू विचारलंस.

गाडी गाठायच्या घाईत मी सकाळी बॅरोमीटर पाहिला नव्हता. पाहिला नाही म्हणायला काय जात होतं? पण तोंडातून आकडा निघाला. पूर्ण, दशांशासकट. अकरा वर्षांनी पुन्हा तेच.

तू माझ्याकडे पाहिलंस. त्या दिवशी पाहिलं होतंस तसं, पण राग नव्हता. हळूच म्हणालास, "पायलं व्हतं का तुनं?"

मी म्हटलं, "हो."

तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. नर्स आली, मला बाहेर काढलं. एकची गाडी पकडून मी परत आलो आणि सरळ ठाण्यावर जाऊन कागद पाहिला. माझा आकडा दोन मिलिबारने चुकला होता. मी ठरवलं, उद्या पुन्हा जायचं आणि सांगायचं. संध्याकाळी निरोप आला.

प्रेतयात्रेत मी मागे चालत होतो. पुढचे दोघं बोलत होते. एकाने विचारलं, "हाच तो किसन नं, दीक्षेच्या दिवशी खोटं लिवणारा?" दुसरा म्हणाला, "हाच. पण मेल्यावर काय बोलायचं आता." हा दयाळूपणा ऐकून मी चार पावलं मागे राहिलो.

काल मी वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं, तारा, उलटे आकडे, सही, सगळं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मला वाटलं हाकलून देतील. शेवटी सूप खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, मले सांगून काय होते? मी त्यायच्यासंगं बेटावर रायली. त्यायनं कधी कालचा आकडा आज लिवला नाही, हे मले कोणी सांगाले पायजे का? बुढा आयकल्याबिगर गेला. जे उरले त्यायले सांगा."

मी म्हटलं, "सभेत सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

"मंग पोरीले घेऊन येतो," त्या म्हणाल्या. "तिनं आयकलं पायजे."

वर साहेबांनाही पत्र टाकलं आहे, की छप्पन्नच्या दसऱ्याच्या दोन्ही नोंदी आणि त्यांखालची अक्षरं माझी आहेत, किसनच्या नावावरचा खोट्या नोंदीचा शेरा काढावा. माझं काय करायचं ते करतील. नोकरी जाईल असं बायको म्हणते. तिला हे कालच कळलं, तिने अजून माझ्याशी धड बोलायला सुरुवात केलेली नाही.

तुझे आभार मानायचे तर कशाकशाचे मानू? माझी नोकरी टिकली, माझी पोरं शाळेत शिकताहेत, ते तुझ्या गप्प राहण्यावर. त्याबद्दल तू एका शब्दाने कधी ऐकवलं नाहीस. एकदा जरी शिवी दिली असतीस, लेका, तरी मला सुटल्यासारखं झालं असतं. तू ती दिली नाहीस याचा मला अजून राग आहे.

आज सकाळी दहाला मी ठाण्यावर गेलो. ड्यूटी नव्हती. आधी छोटा थर्मामीटर वाचला. नळीला टिचकी मारली. वाकलो, डोळा पाऱ्याच्या बरोबरीला आणला. दाब चढला होता. उद्या सभेला निघायच्या आधी चारलाही पाहीन.

आणि तू मंगळवारी जे विचारलंस त्याचं उत्तर उद्या सगळ्यांसमोर देतो, वहिनी आणि तुझी लेक पुढे बसलेल्या असताना. नाही रे किसना. पायलं नव्हतं. मंगळवारीही नाही अन् त्या दसऱ्यालाही नाही. खाली सही तुझी होती, हात माझा होता.

या कागदाखाली सही माझी.

नारायण